एक बेल थांबायला, दोन निघायला

आमच्या डेपोत चार कंडक्टर चहाला जमल्या, की पाचवा न बोलावता येतो तो किस्सा. दिवसभर दारात उभं राहून अख्खं पुणं चढता-उतरताना बघायचं म्हटल्यावर किस्से काही शोधावे लागत नाहीत, ते आपले साठतच जातात. पण गेल्या वर्षी माझ्या घरात एका महिन्यात जेवढे साठले, तेवढे एकोणीस वर्षांच्या नोकरीत साठले नसतील. म्हटलं तर विषय एवढाच: एक मैत्रीण, एक महिना आणि रोजचा व्यायाम!

*

सुरुवात झाली ती स्वारगेटला. गाडी खच्चून भरलेली. माणसं चढली, आणि मी नेहमीसारखा बेलच्या दोरीला हात घातला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. नव्या गाड्यांना बटणं आली, पण आमच्या रूटवर सगळ्या जुन्याच गाड्या, आणि त्यांना अजून डोक्यावरून दोरीच जाते. कंडक्टरची डबल ऐकली की ड्रायव्हरचा पाय आपोआप हलतो. तो मागे वळूनसुद्धा बघत नाही.

तर मी पहिली बेल ओढली आणि उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की हात तिथेच अडकला. दुसरी काही वाजेना. एकच बेल, म्हणजे थांबा. आमचे ड्रायव्हर संपतभाऊ थांबूनच राहिले. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा एकच!

तिसऱ्यांदा एकच वाजल्यावर मागच्या सीटवरचे एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाई, जायचंय की राहायचंय? हवं तर घरी विचारून या. आम्ही बसलोय."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. खांदा जखडलाय." माझ्याबरोबर आलेल्या शैलाने डॉक्टरांकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

"मे महिन्यात? पुण्यात? फ्रोझन?"

*

शैला कोण ते सांगायला हवं. ती माझ्याच डेपोची कंडक्टर. माहेर-सासर दोन्ही फुरसुंगीकडचं, म्हणजे आता शहरात आलेली पण मनाने गावच राहिलेली माणसं. मी बिबवेवाडीची, शुद्ध बोलायच्या प्रयत्नात निम्मं बोलायचं राहून जाणारी. तिचं तसं नाही. ती एकदा एका माणसाला म्हणाली होती, "तिकीट न्हाय म्हनता, आन् खिडकीची जागा कशी लगेच घावली?"

खांदा गेल्यावर साहेबांनी मला लाइट ड्यूटी दिली. जागा कोणती, तर हरवलं-सापडलं! डेपोच्या कोपऱ्यातली ती खोली म्हणजे छत्र्या, डबे, एकेक चप्पल आणि अकरा हेल्मेटं. बसमध्ये हेल्मेट विसरणारा माणूस पुढे काय चालवत घरी जातो, हे मला अजून कळलेलं नाही.

एक दिवस एक आजोबा छत्री शोधत आले. छत्री होती वरच्या फळीवर. माझा हात काही खांद्याच्या वर जाईना. शेवटी आजोबांनीच स्टूल ओढलं, वर चढले, छत्री काढली, धूळ झटकली आणि विचारलं, "मग तुमचं इथे काय हरवलंय, म्हणून बसलाय?"

मी म्हटलं, "हात!"

हसले मी, पण ते गेल्यावर रडू आलं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मंदाताई, एक महिना. महिन्यानंतर मेडिकल. हात दोरीपर्यंत गेला तर रूटवर, नाहीतर कायमचं इथेच." रिटायर व्हायला मला अजून बारा वर्षं आहेत. बारा वर्षं मी हेल्मेटांकडे बघत बसणार? मला माझी गाडी हवी होती. गर्दी, भांडणं, धक्के, सगळ्यासकट हवी होती.

*

फिजिओथेरपीच्या मॅडमनी तीन व्यायाम दिले. वाकून हात लंबकासारखा हलवायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. आणि दाराच्या चौकटीला कप्पी लावून, चांगल्या हाताने दोरी खाली ओढायची, म्हणजे दुखरा हात दुसऱ्या टोकाबरोबर वर जातो. रोज, महिनाभर, न चुकता.

मी दोन दिवस केले. तिसऱ्या दिवशी दुखलं म्हणून सोडले. चौथ्या दिवशी सकाळी आठला दारात शैलाची स्कूटी!

"महिना सांगितलाय ना डॉक्टरनी? मग महिनाभर मी हाय."

"अगं, पण तुझा खांदा चांगला आहे."

"खांदा हाय चांगला. पोट बघ की!" असं म्हणून तिने पदर खोचला, आणि माझ्याशेजारी उभी राहून हात लंबकासारखा हलवायला लागली. तेही महिनाभर. मी दहा वेळा केलं की तीही दहा वेळा. पोट मात्र होतं तिथेच आहे, कारण व्यायामानंतर माझ्याकडचे पोहे ती दोनदा घ्यायची.

*

भिंतीवर बोटं चढवायची, तर किती वर गेली ते कळायला खूण हवी. मी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिणार होते. शैलाने पेन्सिल काढून घेतली.

"तारखेनं काय कळतंय? स्टॉप लिही!"

मग आमच्या हॉलच्या भिंतीवर रूट तयार झाला. कंबरेशी बिबवेवाडी. खांद्याच्या रेषेत स्वारगेट. कपाळाच्या वर मंडई. आणि हात पूर्ण वर केला की जिथे गाडीतली दोरी येते, तिथे शनिवारवाडा.

रोज व्यायाम संपला की शैला विचारायची, "आज कुठवर?"

"स्वारगेट."

"ट्रॅफिक हाय. चालायचंच."

एखाद्या दिवशी खांदा फार दुखायचा आणि हात कालच्या रेघेच्याही खाली राहायचा. तेव्हा ती म्हणायची, "डायव्हर्जन हाय." आमच्या ह्यांनाही सवय लागली. ऑफिसातून फोन करून विचारायचे, "पोचलीस का मंडईला?" एकदा त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "पोचल्या असतील तर अर्धा किलो गवार आणायला सांगा!"

*

कप्पीचा व्यायाम कंटाळवाणा. त्यावर शैलाने उपाय काढला. वर्कशॉपमध्ये भंगारात निघालेल्या एका गाडीची बेल होती, ती साहेबांना विचारून घेऊन आली, आणि बरोब्बर शनिवारवाड्याच्या उंचीवर टांगली. व्यायाम सुरू करताना ती डबल मारायची. मी दमले की सिंगल.

"आन् ज्या दिवशी तू सोता वाजवशील," ती म्हणाली, "त्या दिवशी गाडी पोचली."

पहिली डबल वाजली. टण् टण्! अख्खी बिल्डिंग दणाणली. आणि लगेच वरून, आमच्या छतावर, ठक. ठक. ठक.

आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर दामले काका-काकू राहतात. काका सरकारी खात्यातून निवृत्त. बोलणं मोजकं, आणि जे बोलतील ते दुसऱ्याला दिवसभर पुरेल असं. काकू बिचाऱ्या वर्षभरापूर्वी बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, ते बरं झालं, पण त्यानंतर त्या खाली उतरलेल्या आम्ही कुणी पाहिल्या नव्हत्या.

"काठी आपटताहेत काका," मी कुजबुजले.

शैलाने सिंगल मारली. वरची ठकठकही थांबली. तिने पुन्हा डबल मारली. ठक, ठक, ठक. पुन्हा सिंगल. शांत!

"बघ, आपण थांबलो की म्हातारा थांबतोय," शैला म्हणाली. "म्हंजे रागच हाय!"

दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागली. अक्षर सुंदर, वळणदार.

"या इमारतीत बस थांबत नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शैला मात्र पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने पर्समधून पेन काढलं आणि खाली दोनच शब्द लिहिले:

"विनंती थांबा."

*

तरी मला राहवेना. आजारी माणूस वर आहे, आपण रोज सकाळी घंटा बडवतोय, हे बरं नाही. मी बेलला फडकं बांधलं. त्या दिवशी सगळा व्यायाम गुपचूप झाला. वरूनही काही आवाज नाही.

सव्वाआठला दाराची कडी वाजली. दामले काका.

"आज गाडी बंद आहे का?"

"नाही हो काका. तुम्हाला त्रास नको म्हणून फडकं बांधलंय."

"मला त्रास होतो असं मी कुठे लिहिलं?"

"नाही, पण ती पाटी…"

"पाटीवर बस थांबत नाही एवढंच आहे. ती वस्तुस्थिती आहे. फडकं काढा."

काका दोन पायऱ्या चढले आणि परत वळले. "आणि कालची आठची गाडी आठ वाजून सहा मिनिटांनी आली. वेळापत्रक पाळता येत नसेल, तर सेवा चालवू नये."

ते गेल्यावर शैला म्हणाली, "तुमच्या पुण्यात मान्साला राग आलाय का आनंद झालाय, ते कळायला पन पाटी लावायला पायजे."

फडकं काढलं. दुसऱ्या दिवसापासून डबलबरोबर ठकठक पुन्हा सुरू! आम्ही समजलो, एकेकाचा स्वभाव.

*

सतराव्या दिवशी माझा धीर सुटला. सहा दिवस हात मंडईतून हलायला तयार नव्हता. दुखून दुखून रात्रीची झोप गेलेली. मी दोरी फेकून दिली आणि म्हटलं, "नाही होत माझ्याने. मी आपली छत्र्या सांभाळते. तू येऊ नकोस उद्यापासून."

मला वाटलं, समजूत काढेल. तिने नुसते पोहे खाल्ले, एकदाच, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आठला हजर. आल्या आल्या तिने माझ्या पदराला एक कागदी चिठ्ठी टाचली. आमच्या हरवलं-सापडलंच्या खोलीत प्रत्येक वस्तूला लावतात, तीच चिठ्ठी. वर तिच्या अक्षरात लिहिलेलं:

"वस्तू: कंडक्टर, एक. अवस्था: रडकी. मालकाने ओळख पटवून लवकर न्यावी, जागा अडते."

मी हसता हसता रडले का रडता रडता हसले, आठवत नाही. पण दोरी परत हातात घेतली. ती चिठ्ठी माझ्या कपाटात आहे अजून.

*

त्याच आठवड्यात डेपोत ड्यूटी लावणारे क्लार्क मला म्हणाले, "तुमच्या शैलाबाईंना झालंय तरी काय? सगळ्या पहिली पाळी मागतात, आणि ह्यांनी सकाळची सोडून महिनाभर दुसरी पाळी लिहून घेतली!"

दुसरी पाळी म्हणजे शेवटची गाडी डेपोत लावून, हिशेब देऊन फुरसुंगीला पोचायला साडेअकरा. आणि ही बाई सकाळी आठला माझ्या दारात, पदर खोचून तयार! इतक्या दिवसांत तिने मला अक्षराने कळू दिलं नव्हतं. मी मात्र त्या दिवशी "येऊ नकोस" म्हणून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "का गं सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं त्यात?"

"झोप कधी घेतेस?"

"तू लंबक करताना. मी डोळे मिटूनच करते की!"

मी तिच्यासाठी कधी असं काही केल्याचं मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. एकदा तिच्या मुलीच्या बारावीच्या वेळी ड्यूटी बदलून दिली होती, बस्स. तसं तिला म्हटलं, तर म्हणाली, "पोह्यात शेंगदाणे जास्त टाक. मिटलं."

मिटत नाही ते. काही गोष्टी मिटायला नकोच असतात. मी देवळात फारशी जात नाही, पण त्या महिन्यात रोज सकाळी स्कूटीचा आवाज आला, की मी मनातल्या मनात हात जोडायचे. जोडायला हात वर न्यावा लागत नाही, हे एक बरं होतं.

*

सत्ताविसाव्या दिवशी बेल मी वाजवली. एकच वाजली, दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, पण वाजली. शैलाने भिंतीवर शनिवारवाड्यापुढे बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, "शेवटचा थांबा. सर्वांनी उतरावे."

तीन दिवसांनी मेडिकल. डॉक्टर म्हणाले, हात बऱ्यापैकी जातोय. साहेब म्हणाले, बऱ्यापैकी नको, गाडीत दाखवा. आवारात एक गाडी उभी होती. मी चढले. खाली निम्मा डेपो जमलेला, पुढे शैला.

दोरीला हात घातला. टण्! आणि हात खाली आला. दुसरी वाजलीच नाही.

साहेब खालून म्हणाले, "मंदाताई, एक बेल म्हणजे थांबा. मग काय, इथेच थांबायचं?"

स्वारगेटचा तो दिवस डोळ्यांसमोर आला. तेवढ्यात शैला ओरडली, "ट्रॅफिक हाय साहेब! घाई कशाला करता?"

लोक हसले. मीही हसले, आणि हसता हसता हात वर गेला. टण् टण्!

साहेबांनी कागदावर सही केली. "उद्या सकाळची पहिली पाळी घ्या. आणि शैलाबाई, तुम्ही रजा घ्या एक दिवस. डोळे बघा स्वतःचे."

*

त्या संध्याकाळी जिन्यात दामले काका भेटले. मी सांगितलं, "काका, उद्यापासून तुमची सुटका. घंटा बंद! मी ड्यूटीवर चालले."

त्यांचा चेहरा पडल्यासारखा वाटला. म्हणाले, "मग आठची गाडी कुठून सुटणार?"

मी गमतीत म्हटलं, "आता खरीखुरी सुटणार. आपल्या कोपऱ्यावरच्या स्टॉपवरून, आठलाच!"

"वेळेवर?"

"वेळेवर."

"बरं," म्हणाले आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी आठला दोन मिनिटं कमी असताना आमची गाडी कोपऱ्यावरच्या स्टॉपला लागली. ड्रायव्हर संपतभाऊच. आणि पुढच्या लेडीज सीटवर कोण, तर शैला! साहेबांनी रजा दिली ती झोपायला, आणि ही बाई तिकीट काढून माझ्या गाडीत बसलेली. "तुझा उजवा हात चालतोय का डावा, ते बघायला आले," म्हणाली.

माणसं चढली. मी दोरीकडे हात नेणार, इतक्यात फुटपाथवरून ओळखीचा आवाज आला.

ठक.

मी वाकून बघितलं. पंधरा-वीस पावलांवर दामले काका. आणि त्यांच्या शेजारी, दोन्ही हातांनी वॉकर धरून, ठेवणीतली साडी नेसून, दामले काकू! वर्षभराने रस्त्यावर. पण तिथपर्यंत येऊन त्या थांबल्या होत्या. गाड्या, हॉर्न, माणसं बघून पाय उचलेना. काकांनी हात पुढे केला, तरी त्या मान हलवून नाही म्हणत होत्या.

आत लोकांची चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालंच, "काय हो, इथे मुक्काम आहे का?"

काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. आवाज नेहमीसारखाच, करडा.

"अहो कंडक्टरबाई, नुसत्या बघताय काय? डबल द्या! महिनाभर सवय लावलीत, आता त्याशिवाय ती चालत नाही!"

मी उजवा हात वर केला. तो सरळ दोरीपर्यंत गेला. टण् टण्!

संपतभाऊंनी सवयीने गिअर टाकला, आणि शैला सीटवरून ताडकन उठून पुढे धावली.

"भाऊ, हलू नका! ही डबल तुमच्यासाठी न्हाय!"